शोभिवंत गवताच्या छाटणीसाठी वैभव विळा: साताऱ्यातील बागेत वापरून पाहिल्यानंतर

वैभव विळा हे मुळात भातकापणीचे अवजार आहे. दापोलीच्या डॉ. बाळासाहेब सावंत कोकण कृषी विद्यापीठाने विकसित केलेला हा दातेरी पात्याचा विळा कोकणातून घाट चढून जावळी आणि पाटणच्या भातखाचरांत केव्हाच रुळला आहे, आणि साताऱ्यात शेती अवजारांच्या बहुतेक दुकानांत तो सहज मिळतो. बागेतल्या पाम्पास, फाउंटन ग्रास, झेब्रा ग्रास, वाळा आणि गवती चहा अशा ठोंबांनी वाढणाऱ्या गवतांच्या वार्षिक छाटणीसाठी मी तो वापरतो. या कामासाठी बागकामाच्या महागड्या कात्र्यांपेक्षा तो मला सरस वाटतो. मात्र भातासाठी त्याचा जो सर्वांत मोठा गुण मानला जातो, तोच शोभिवंत गवताच्या बाबतीत सर्वांत जपून वापरावा लागतो.

आधी गुण सांगतो. गवताच्या पात्यांत सिलिका असते. पाम्पासच्या पानाची कड बोट चिरते ती याच सिलिकायुक्त दातेरी कडेमुळे. साध्या, गुळगुळीत धारेची कात्री किंवा कोयता अशा पात्यांवर लवकर बोथट होतो, आणि बोथट अवजाराने गवत कापले जाण्याऐवजी चेमटून तुटते, त्यामुळे टोके तपकिरी पडून ठोंब बरेच दिवस विद्रूप दिसतो. वैभव विळ्याचे दात बारीक असून कापणे ओढीवर होते. मूठभर पाती डाव्या हातात धरून विळा स्वतःकडे ओढला की कच्च आवाज होऊन सगळी पाती एका रेषेत सुटतात. हात आपटावा लागत नाही, मनगटाला हिसका बसत नाही, आणि पाते वजनाने हलके असल्यामुळे वयस्कर माणसालाही काम झेपते. पेट्रोलवर चालणारे ग्रास कटर वेगवान असले, तरी त्याची दोरी पाती फाडते आणि शेजारच्या झाडाची साल सोलण्याचा धोका राहतो. चार-सहा ठोंबांच्या घरगुती बागेत त्याची गरजही नाही.

आता जपण्याची बाब. भातामध्ये हा विळा जमिनीलगत कापतो म्हणून त्याची शिफारस होते, कारण खोडकिडीच्या अळ्या बुडख्यात दडलेल्या असतात आणि उंच धसकटे राहिली तर त्याही राहतात. आपल्याकडे सातारा-सांगलीत उसाचा खोडवा (तोडणीनंतर बुडख्यांतून पुन्हा फुटणारे पीक) राखणारा माणूसही जमिनीलगत छाटणीचाच पुरस्कार करतो, कारण उसाचे जोमदार कोंब जमिनीखालच्या डोळ्यांतून येतात. त्यामुळे बागेत छाटणीला बोलावलेला मजूर सवयीने शोभिवंत गवतही बुडापासून साफ करतो, आणि हाती वैभव विळा असला तर ते त्याला फारच सोपे जाते. परंतु या गवतांचे फुटवे जमिनीच्या पातळीवर, एकमेकांना चिकटून, दाटीने बसलेले असतात. जुन्या पाम्पासमध्ये तर ही बैठक मातीच्या वर उचलली गेलेली असते. तिथपर्यंत पाते गेले की पुढच्या हंगामाची कोवळी टोकेच कापली जातात, आणि उघड्या पडलेल्या मध्यभागी पाणी साचून तो कुजू लागतो. म्हणून फाउंटन ग्रासला 10 ते 15 सेंटिमीटर आणि पाम्पासला साधारण 30 सेंटिमीटर बुंधा राखावा. एखाद्या काठीला त्या मापाची खूण करून ठेवल्यास कापणाऱ्याला वेगळे सांगत बसावे लागत नाही.

छाटणीपूर्वी ठोंब कमरेच्या उंचीला सुतळीने घट्ट बांधावा, म्हणजे कापलेली पाती पसरत नाहीत आणि पेंढी जशीच्या तशी उचलता येते. त्याआधी लांब काठीने ठोंब चांगला हलवून घ्यावा. अजिंक्यताऱ्याच्या उताराकडील किंवा माळाला लागून असलेल्या बागांमध्ये वाळक्या गवतात फुरसे, घोणस किंवा विंचू असू शकतो, आणि विळ्याचे काम डावा हात थेट ठोंबात घालूनच करावे लागते. लांब दांड्याच्या कात्रीला हा धोका कमी असतो, हे मान्य केले पाहिजे. जाड चामड्याचे हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा या दोन गोष्टींशिवाय पाम्पासला हात लावू नये.

वेळेबाबत परदेशी पुस्तकांतील सल्ला इथे जसाच्या तसा उतरवता येत नाही. तिथे हिवाळ्याच्या शेवटी छाटणी सांगतात, कारण थंडीने गवत सुप्त झालेले असते. साताऱ्यात गवताला विश्रांती देते ती थंडीपेक्षा कोरड. पावसाचे म्हणावे तर एकाच जिल्ह्यात महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो आणि माण-खटावात तो पाचशेच्या आसपास थांबतो, तेव्हा संपूर्ण जिल्ह्याला एकच तारीख सांगणे चूक ठरेल. ठिबकचे पाणी असलेल्या बागेत फेब्रुवारीअखेर छाटणी केली तर उन्हाची चाहूल लागताच नवे फुटवे निघतात. पाण्याची टंचाई असेल तर वाळकी पाती उन्हाळाभर तशीच राहू द्यावीत, त्यांची सावली बुंध्याला मिळते, आणि मृगाच्या आधी मेच्या उत्तरार्धात विळा चालवावा. भर पावसात मात्र कापू नये.

बियांच्या बाबतीत विळा कमी पडतो. ओढीच्या हिसक्याने पिकलेल्या तुऱ्यांतील बी चौफेर उडते. जांभळ्या पानांच्या फाउंटन ग्रासमध्ये फारशी उगवणारी बी धरत नाही, पण हिरव्या फाउंटन ग्रासचे बी वाऱ्याने दूरवर जाते आणि हवाईसारख्या ठिकाणी या गवताने स्थानिक वनस्पतींना हटवून उपद्रव केला आहे. कासचे पठार साताऱ्यापासून हाकेच्या अंतरावर आहे, आणि 2012 साली पश्चिम घाटाच्या ज्या भागांना जागतिक वारशाचा दर्जा मिळाला त्यांत ते आहे. तिथल्या पातळ मातीत उगवणारी रानफुले अशा परक्या गवताशी स्पर्धा करू शकणार नाहीत. म्हणून यवतेश्वर-कास रस्त्यालगतच्या फार्महाउसवाल्यांनी हिरवे फाउंटन ग्रास लावूच नये असे माझे स्पष्ट मत आहे. ज्यांच्याकडे ते आधीच आहे त्यांनी तुरे पिकण्यापूर्वी, तासगावच्या द्राक्षबागांत वापरतात तशा सिकेटरने (छाटणीच्या हातकात्रीने), अलगद कापून पिशवीत भरावेत आणि मगच विळा हाती घ्यावा. कापलेली, बी नसलेली पाती जाळण्याचे कारण नाही. ती झाडांच्या आळ्यात आच्छादन म्हणून उत्तम टिकतात.

ठोंब विभागण्याच्या कामी या विळ्याचा उपयोग नाही. तीन-चार वर्षांनी ठोंबाचा मध्य वाळून पोकळ झाला की तो पावसाळ्याच्या सुरुवातीला पहारीने फोडून कडेचे जोमदार फुटवे पुन्हा लावावे लागतात. तिथे विळा अडकवून जोर केला तर पातळ पाते वाकते. पाम्पासच्या तुऱ्यांचे वाळके, टणक दांडेही सिकेटरनेच कापावेत.

देखभाल थोडी आहे, पण ती टाळू नये. दातांत चीक आणि माती अडकते, ती काम संपताच जुन्या दात घासायच्या ब्रशने काढून पात्यावर तेलाचा हात फिरवावा. दगडावर हा विळा पाजवू नये, दात झिजून तो साधा आणि कुचकामी होतो. सपाट बाजूवरून बारीक कानस हलकेच फिरवली तर धार परत येते. माझ्या वापरात तशी वेळ फार क्वचित आली आहे.

विकत घेताना किमतीकडे कमी आणि दातांकडे अधिक लक्ष द्यावे. मुठीपासून टोकापर्यंत दात सारख्या अंतरावर आणि सारख्या खोलीचे असावेत, पाते मुठीत डगमगू नये, आणि मूठ लाकडी असल्यास तिला चीर नसावी. दात बहुधा एकाच बाजूला कोरलेले असल्यामुळे डावखुऱ्या माणसाच्या हातात कापणी वेडीवाकडी होते. त्यांनी दुकानदाराकडे उलट बाजूला दात असलेला विळा मागावा, आणि तो मिळाला नाही तर चांगल्या धारेची लांब दांड्याची कात्री घ्यावी.