ऑटोमॅटिक काफ्का: पुन्हा वाचताना

डीसी या अमेरिकन कॉमिक प्रकाशन कंपनीच्या वाइल्डस्टॉर्म विभागाने २००२-०३ मध्ये केवळ प्रौढ वाचकांसाठी काढलेली 'ऑटोमॅटिक काफ्का' ही कॉमिक मालिका नऊ अंकांतच आटोपली. लेखन जो केसी यांचे, चित्रे ॲशली वूड यांची. नाशिकमधल्या आमच्या वाचकमित्रांत तिचा विषय निघाला आणि एकाकडचे जपून ठेवलेले अंक पुन्हा हाती आले.

काफ्का हा यंत्रमानव, एकेकाळच्या गाजलेल्या महानायकांच्या (सुपरहिरोंच्या) चमूतला. त्या चमूच्या इंग्रजी नावात 'एस'च्या जागी डॉलरचे चिन्ह आहे. विडंबनाचा रोख तिथेच कळतो. चमू फुटल्यावर काफ्का नॅनोतंत्राने बनवलेल्या अमली पदार्थाच्या नादी लागतो आणि पुढे दूरचित्रवाणीवर बक्षिसांच्या कार्यक्रमाचा सूत्रसंचालक होतो. त्याची जुनी सहकारी हेलन ऑफ ट्रॉय अश्लील चित्रपटांच्या धंद्यात शिरली आहे. पराक्रम संपला तरी चेहरा विकला जातो, हे पाहायला अमेरिकेला जाण्याची गरज नाही. आमच्या नाशिकच्या सीबीएस या मध्यवर्ती बसस्थानकाच्या परिसरातले वाढदिवसांचे फ्लेक्स पुरेसे आहेत.

पहिल्या वाचनात वूड यांची चित्रे मला कथेच्या आड येणारी वाटली होती. आता वाटते की कथेचा निम्मा भार तीच वाहतात. शाईचे फटकारे, अर्धवट सोडलेले चेहरे आणि मळकट रंग यांमुळे कोण बोलतो आहे हे कळायला कधीकधी पान दोनदा पाहावे लागते. परंतु नशेतल्या यंत्राला जग जसे दिसेल तसेच ते पानावर उतरले आहे, आणि रेखीव, पिळदार शरीरांची नेहमीची महानायकी चित्रशैली इथे वापरली असती तर ज्या झगमगाटाची टिंगल करायची तोच झगमगाट पुन्हा विकल्यासारखे झाले असते.

शेवटच्या अंकात केसी आणि वूड स्वतःच कथेत येऊन काफ्काशी बोलतात. आपल्यामागे हे पात्र दुसऱ्या कोणाच्या हाती पडून वाटेल तसे वापरले जाऊ नये, म्हणून ते त्याचे अस्तित्वच संपवतात. इंद्रजाल कॉमिक्समधला वेताळ मुखवट्याचा वारसा बापाकडून मुलाकडे देतो. काफ्काच्या बाबतीत वारसा नसतो, मालकी असते, आणि ती कंपनीकडे असते. निर्मात्यांनी पात्राला भेटण्याची युक्ती लेखक ग्रँट मॉरिसन यांनी 'ॲनिमल मॅन' या कॉमिक मालिकेत आधीच वापरली होती, तरीही इथे ती उसनी वाटत नाही, कारण नऊही अंक बाजाराविषयीच बोलत आलेले असतात.

नग्नता आणि शिवराळपणा यांतला बराचसा भाग मात्र आज पोरकट वाटतो. धक्का देण्याची हौस काही प्रसंगांत उपरोधावर कुरघोडी करते, आणि मधले एक-दोन अंक नुसतेच भरकटतात. तरीही ही मालिका जरूर वाचावी. फक्त मोबाइलवर वाचू नये, कारण त्या छोट्या पडद्यावर वूड यांच्या पानांवरची बारीक अक्षरे शाईत बुडून जातात.