सोळा वर्षांच्या भाच्यासोबत मनोविकार वॉर्डात बारा दिवस

माझ्या भाच्याने दहावीनंतर जेवण आणि झोप दोन्ही सोडले आणि त्याच्या वहीत जगावेसे वाटत नसल्याचे लिहिलेले सापडले, तेव्हा भगताच्या उंबऱ्यावर घालवलेल्या तीन आठवड्यांची आम्हाला लाज वाटली. राज्याची जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरीला आहेत. रावेरहून त्यातले एकही जवळ नाही. म्हणून जळगावातील एका खासगी रुग्णालयात त्याला भरती केले.

मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ नुसार अल्पवयीन रुग्णाला भरती करण्यापूर्वी दोघा तज्ज्ञांनी स्वतंत्रपणे तपासावे लागते, त्याची सोय प्रौढांपासून वेगळी असावी लागते आणि घरचे माणूस पूर्णवेळ सोबत राहते. तपासणी चोख झाली, सही वडिलांनी केली आणि ते केळीच्या कापणीत अडकल्यामुळे सोबत मी राहिलो. वेगळी सोय म्हणजे मात्र प्रौढांच्याच वॉर्डाच्या टोकाच्या दोन खोल्या होत्या, आणि रात्रीची आरडाओरड तिथपर्यंत स्पष्ट ऐकू येत असे.

परिचारिकांबद्दल तक्रारीला जागा नाही. बहिणीने पाठवलेली लोणच्याची काचेची बरणी दारातच अडवली गेली. रागावून काही बोलणार, तोच सिस्टरांनी लोणचे स्वतः स्टीलच्या डब्यात काढून दिले आणि बरणी का चालत नाही ते समजावले. रोज सकाळी त्या ‘कसा शे भाऊ?’ असे अहिराणीत विचारायच्या. सहाव्या दिवशी तो पहिल्यांदा ‘बरा शे’ म्हणाला आणि अर्धी कळण्याची भाकरी त्याने मागून खाल्ली. डॉक्टरांनी सुरुवातीलाच सांगितले होते की नैराश्यावरील गोळ्यांचा गुण दिसायला काही आठवडे लागतात, त्यामुळे भरतीचा हेतू मुलाला सुरक्षित ठेवणे, औषध सोसते का ते पाहणे आणि घरच्यांना त्याच्याशी वागायला शिकवणे, एवढाच आहे. हा स्पष्टपणा मला सर्वांत मोलाचा वाटला.

त्यामुळेच रुग्णालयातून घरी सोडण्याच्या दिवशीचा गलथानपणा अधिक खटकला. रुग्णालयातून घरी आल्यानंतरचे पहिले काही आठवडे सर्वांत जोखमीचे असतात, तरी कार्डावर फक्त गोळ्या आणि ‘एक महिन्याने दाखवा’ एवढेच होते. कॉलेजला काय सांगावे, रात्री बिनसले तर कोणाला फोन करावा, याचा उल्लेखही नव्हता. मानसिक आरोग्यासाठी फोनवर मदत करणाऱ्या सरकारच्या टेली-मानस सेवेचा १४४१६ हा क्रमांक मला बाहेर औषधांच्या दुकानातील फलकावर दिसला.

पाचपैकी साडेतीन गुण. गरज पडली तर भाच्याला पुन्हा इथेच आणू, पण पहिली फेरतपासणी आठवड्याच्या आत लिहून घेतल्याशिवाय बिल भरणार नाही.