टर्बो गाडीचा क्लच: ऑरगॅनिक की सिरॅमिक?
बूस्ट (टर्बोने इंजिनात ढकललेल्या हवेचा दाब) वाढवल्यावर वरच्या गिअरमध्ये आरपीएम चढतो पण वेग वाढत नाही, म्हणजे क्लच घसरतोय. कडक स्प्रिंगची प्रेशर प्लेट (क्लचची डिस्क दाबून धरणारी थाळी) आणि ऑरगॅनिक (तंतू आणि रेझिनच्या अस्तराची) डिस्क घेतली तर पेडल जड होतं, पण गाडी ट्रॅफिकमध्ये अलगद उचलते. सतत घसरवली तर मात्र डिस्क तापून गुळगुळीत होते आणि पकड सुटते. सिरॅमिक पकची (घर्षणाच्या छोट्या कडक तुकड्यांची) डिस्क उष्णता कितीतरी जास्त सोसते. पण ती एकदम धरते, प्रत्येक सिग्नलला हिसके बसतात आणि फ्लायव्हीलही (डिस्क ज्याला घासते ते इंजिनाचं जड चाक) लवकर झिजतं. ट्रॅकवर हे चालेल. रोजच्या गाडीला माझं मत ठामपणे ऑरगॅनिकलाच! निवडताना हॉर्सपॉवर नव्हे, टॉर्क (इंजिनाची फिरवण्याची ताकद) बघा. क्लचची क्षमता इंजिनाच्या कमाल टॉर्कपेक्षा जास्तच हवी.