जुन्या कॉम्प्युटरला आधी काय, एसएसडी की रॅम?

आर्वीकडच्या भाच्याचा फोन आला. कापूस विकून थोडे पैसे हाती आहेत; दहा वर्षांच्या डेस्कटॉपला एसएसडी घेऊ की रॅम वाढवू, मामा?

एसएसडी म्हणजे फायली चिपवर साठवणारी डिस्क; रॅम म्हणजे चालू काम तात्पुरतं धरून ठेवणारी मेमरी. वेगात माझं मत एसएसडीला. जुनी हार्ड डिस्क सेकंदाला 100-150 एमबी वाचते, साटा (जुन्या डिस्कच्याच केबलला बसणारी) एसएसडी 500 च्या आसपास. खरा फरक तर बारीक-बारीक फायली शोधताना पडतो, कारण फिरती तबकडी एसएसडीत नाहीच. आपल्याकडे लाइन केव्हा जाईल नेम नाही. दिवसातून तीनदा कॉम्प्युटर सुरू करणाऱ्याचा विंडोज चालू व्हायचा वेळ एसएसडीने फार वाचतो. (सेव्ह न केलेलं काम मात्र दोन्हींत जातंच, म्हणून यूपीएस हवा.)

मेहनत रॅमला कमी. पट्टी खाचेत दाबली की झालं, एसएसडीसारखी जुन्या डिस्कवरून विंडोज हलवायची कटकट नाही. फक्त डीडीआर3 च्या खाचेत डीडीआर4 (रॅमची पुढची पिढी) बसत नाही, आधी मदरबोर्ड कुठला ते बघ.

4 जीबीवर ढीगभर टॅब नि व्हिडिओ एडिटिंग चालत असेल तर रॅम घे. फॉर्म भरणं, सातबारा काढणं, टायपिंग एवढंच असेल, किंवा 8 जीबी आधीच असेल, तर बिनधास्त एसएसडी.