कर्ज फिटलं, पण सिबिल खालीच: एफडीवरचं कार्ड, सोनेतारण की छोटा हप्ता?

थकलेलं कर्ज एकदाचं फेडलं, वसुलीवाल्यांचे फोन थांबले, तरी नव्या कर्जाचा अर्ज 'सिबिल कमी आहे', म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींवरून ठरणारा स्कोअर खाली आहे, म्हणून परत येतो. मग आजूबाजूचे तीन सल्ले देतात: एफडी ठेवून क्रेडिट कार्ड घ्या, सोनं ठेवून कर्ज काढा, नाहीतर एखादा मोबाइल हप्त्यावर उचला. तिन्ही मार्ग खरे आहेत, पण सगळ्यांना सारखे लागू पडत नाहीत. शिवाय त्याआधी एक गोष्ट तपासायला हवी, आणि घाईत नेमकी तीच राहून जाते.

आधी क्रेडिट अहवाल, म्हणजे तुमच्या कर्ज-कार्डांच्या नोंदींचा उतारा, काढा. ट्रान्सयुनियन सिबिल, एक्सपेरियन, इक्विफॅक्स आणि सीआरआयएफ हाय मार्क या चारही संस्थांनी वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा, असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. ३०० ते ९०० मधला स्कोअर तूर्त बाजूला ठेवा आणि फेडलेल्या कर्जाच्या नोंदीत 'क्लोज्ड' (पूर्ण फेडून बंद) आहे की 'सेटल्ड' (कमी रकमेत तडजोड), ते बघा. त्याखाली महिन्यांचे चौकोन असतात. ००० म्हणजे हप्ता वेळेवर, ०३० किंवा ०६० म्हणजे तितके दिवस उशीर. सिबिलच्या अहवालात असे ३६ महिन्यांपर्यंतचे चौकोन दिसतात. जुना ०९० कुणी पुसू शकत नाही, पुढे नवे ००० जमत गेले की त्याचं वजन कमी होतं. 'पैसे द्या, रेकॉर्ड साफ करून देतो' म्हणणाऱ्यांपासून म्हणूनच लांब राहा. खरी नोंद त्यांना काढता येत नाही, आणि चुकीच्या नोंदीची तक्रार तुम्ही स्वतः त्या संस्थेकडे फुकट करू शकता. ३० दिवसांत तिचा निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाचे १०० रुपये भरपाई मिळण्याची तरतूद २६ एप्रिल २०२४ पासून आहे. तिथेही दाद लागली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं.

आता 'सेटल्ड'बद्दल. समजा १,२०,००० थकले होते आणि बँकेने ७०,००० घेऊन तडजोड केली. तुमच्या दृष्टीने विषय मिटला, पण नवं कर्ज देणारा त्या नोंदीतून एवढंच वाचतो की मागच्याचे ५०,००० बुडाले. तडजोड केलेल्या बँकेने त्याच माणसाला पुन्हा कर्ज देण्याआधी किमान १२ महिने थांबायचं, असंही रिझर्व्ह बँकेच्या जून २०२३ च्या परिपत्रकात आहे (शेतीकर्ज वगळून). मग राहिलेले ५०,००० भरून नोंद 'क्लोज्ड' करून घ्यावी का? वर्ष-दोन वर्षांत घर घ्यायचं असेल तर माझं मत स्पष्ट आहे: भरा. पण भरण्याआधी बँकेकडून लेखी घ्या की ही रक्कम आल्यावर नोंद 'क्लोज्ड' होईल आणि बेबाकी दाखला (काही देणं उरलं नाही असं पत्र) मिळेल. कर्ज दुसऱ्या कंपनीला विकलं गेलं असेल तर हे लेखी तिच्याकडून हवं. मोठं कर्ज इतक्यात लागणारच नसेल, तर ते पैसे आधी अडीअडचणीसाठी बाजूला टाका. नुकत्याच कर्जातून वर आलेल्या घराला हाताशी रोकड नसणं हा मोठा धोका आहे.

एवढं झालं की नवे ००० कुठून आणायचे, हा प्रश्न येतो.

एफडीवरचं कार्ड बहुतेकांसाठी मी पहिलं सुचवेन. बँकेला तारण असल्याने स्कोअर खाली असला तरी ते मिळू शकतं, एफडीवर व्याज चालू राहतं आणि दर महिन्याला नोंद पडते. २०,००० ची एफडी आणि कार्डाची खर्चमर्यादा तिच्या ८० टक्के धरली तर १६,००० होतात. त्यातून फक्त वीजबिल, गॅस, रिचार्ज असं चार-साडेचार हजारांचं भरा, म्हणजे मर्यादेचा वापर ३० टक्क्यांच्या आत राहतो. बिल तयार होतं त्या दिवशीची बाकी साधारणपणे अहवालात जाते, त्यामुळे एखाद्या महिन्यात जास्त खर्च झालाच तर बिल निघण्याआधीच थोडे भरून टाका. आणि पूर्ण बिल भरा, नेहमी. फक्त 'मिनिमम ड्यू', म्हणजे बिलावरची किमान रक्कम, भरलं तर उशिराची नोंद होत नाही, पण उरलेल्यावर महिन्याला तीन-साडेतीन टक्के व्याज लागतं, आणि नव्या खरेदीवरही पहिल्या दिवसापासून. जुनं कर्ज कार्डानेच वाढलं असेल, तर हा मार्ग तुमच्यासाठी नाही.

सोनेतारणाचं उलट आहे. कर्ज चटकन मिळतं, स्कोअर फारसा आड येत नाही, व्याजही कार्डाच्या बाकीपेक्षा बरंच कमी. पण त्यातली पुष्कळ कर्जं 'वर्षाअखेर मुद्दल-व्याज एकदम' अशी असतात. त्यात दरमहा फेडण्याची सवय दिसत नाही, शिवाय शेवटी एकरकमी पैसे उभे राहिले नाहीत तर दागिने लिलावात जातात. पत सुधारण्यासाठीच घेत असाल तर मासिक हप्त्याचं आणि लहान रकमेचं घ्या. सोनाराकडे गहाण ठेवून काही साधत नाही, तो व्यवहार अहवालात येत नाही. गावच्या पतसंस्थेचं कर्जही तिथे दिसेलच असं नाही, आधी विचारा. भिशी कितीही वेळेवर भरली तरी तिची नोंद कुठेच होत नाही. फक्त पत सुधारण्यासाठी मंगळसूत्र गहाण टाकणं मला पटत नाही. पैशांची गरज खरोखरच असेल तरच हा मार्ग.

वस्तूवरचा हप्ता ज्यांना कार्ड हातात नको त्यांना बरा. सहा-आठ महिन्यांत संपतो, रक्कम ठरलेली असते आणि दर हप्त्याला एक ००० जमतो. अडचण एवढीच की स्कोअर फार खाली असेल तर अर्ज नाकारला जातो, आणि प्रत्येक अर्जाची चौकशी अहवालात नोंदली जाते. एका दुकानात नकार आला की लगेच दुसऱ्या-तिसऱ्या दुकानात जाऊ नका. हप्ते नीट भरायला लागलात की तीच कंपनी 'प्री-अप्रूव्ह्ड' पर्सनल लोनसाठी फोन करते, तेव्हा सरळ नाही म्हणा.

तिन्ही एकदम सुरू करू नका. एक निवडा, खात्यावर ऑटो-डेबिट लावा आणि निदान वर्षभर चालवा. १ जानेवारी २०२५ पासून बँकांनी निदान दर पंधरवड्याला या संस्थांना माहिती पाठवायची असते, त्यामुळे बदल दिसायला पूर्वीइतका उशीर होत नाही. गृहकर्जाचा अर्ज मात्र बारा-पंधरा स्वच्छ महिने हातात आल्यावरच करा.

अहवालात 'गॅरेंटर' म्हणून एखादं खातं आहे का, तेही बघून ठेवा. भावाच्या ट्रॅक्टरला किंवा मित्राच्या गाडीला जामीन राहिला असाल आणि तिथे हप्ते थकले असतील, तर तुमचं कार्ड कितीही नीट चालू असलं तरी बँक तुम्हाला तिथेच अडवेल.