एमआयसी स्ट्रिप: पैसे कुठे वसूल होतात, कुठे वाया जातात

जंतू पसरलेल्या अगारच्या (वाढीसाठीच्या जेलीच्या) प्लेटवर औषधाची कागदी चकती, म्हणजे डिस्क, टाकून तिच्याभोवतीचा वाढ नसलेला झोन मोजला की जंतू औषधाला दाद देतो की नाही, एवढं कळतं. किती औषधाला दाद देतो, हे मात्र कळत नाही. त्यासाठी एमआयसी लागते, म्हणजे जंतूची वाढ रोखणारं औषधाचं सर्वांत कमी प्रमाण. छोट्या लॅबला हा आकडा काढायचा सर्वांत सोपा मार्ग म्हणजे ग्रेडियंट स्ट्रिप, म्हणजे औषधाचं प्रमाण टप्प्याटप्प्याने कमी होत जाणारी पट्टी. मूळची ईटेस्ट स्वीडनची, प्लॅस्टिकची. ती आता बायोमेरियू विकते. मुंबईच्या हायमीडियाची इझी एमआयसी कागदाची आहे. तत्त्व दोन्हींचं एकच. पट्टीच्या एका टोकाला २५६ मायक्रोग्रॅम प्रति मिली, आणि दर पायरीला निम्मं होत दुसऱ्या टोकाला ०.०१६. काही औषधांची पट्टी ३२ पासून सुरू होते. दुसऱ्या दिवशी पट्टीभोवती लंबवर्तुळ उमटतं आणि त्याची कड पट्टीला जिथे छेदते तो आकडा वाचायचा.

एका पट्टीला डिस्कच्या अनेक पट पैसे पडतात, म्हणून ती कुठे वापरायची हे आधी ठरवावं. लघवीतल्या साध्या ई. कोलायला डिस्क पुरते. पट्टीचं खरं मोल न्यूमोकोकसमध्ये, म्हणजे न्यूमोनिया आणि मेंदूज्वर करणाऱ्या जंतूत, दिसतं. १ मायक्रोग्रॅमच्या ऑक्सासिलिन डिस्कचा झोन २० मिमी किंवा जास्त आला तर पेनिसिलिन चालतं. १९ किंवा कमी आला तर डिस्क पुढे काहीच सांगू शकत नाही. समजा पट्टीवर १ आलं. न्यूमोनियात शिरेतून दिलेल्या पेनिसिलिनसाठी मर्यादा (इथवर एमआयसी असेल तर औषध चालतं) २ आहे, त्यामुळे हा जंतू मरतो. मेंदूज्वरात मर्यादा ०.०६, तिथे तोच जंतू रेझिस्टंट. रिपोर्टवर नमुना कुठला हे नसेल तर आकडा असूनही उपयोग नाही. स्टॅफ ऑरियस हा जंतू आणि व्हॅन्कोमायसिन हे औषध, ही दुसरी जागा. व्हॅन्कोमायसिनचा रेणू मोठा, अगारमध्ये हळू पसरतो. २ आणि ४ एमआयसीचे झोन सारखेच दिसतात. इथे डिस्कवर रिपोर्ट देऊच नये.

आता वापर. पट्टी चांगली असूनही आकडा चुकतो तो बहुतेक वेळा प्लेटमुळे. म्युलर-हिंटन अगार ४ मिमी जाड हवा, म्हणजे ९० मिमीच्या प्लेटमध्ये साधारण २५ मिली. बचत म्हणून १५ मिली ओतलं की औषध पातळ थरात कोंडतं, वर्तुळ फुगतं आणि एमआयसी खोटी कमी येते. रेझिस्टंट जंतू 'सेन्सिटिव्ह' म्हणून निसटतो, आणि हीच चूक सर्वांत महागात पडते. पीएच ७.२ ते ७.४, तोही अगार घट्ट झाल्यावर तपासलेला. पीएच उतरला की जेंटामायसिनसारख्या औषधांची एमआयसी वर चढते.

ताज्या वसाहती द्रवात मिसळून केलेलं सस्पेन्शन ०.५ मॅकफारलँडला (गढूळपणाचं ठरलेलं माप) जुळवा आणि १५ मिनिटांत स्वॅब फिरवा. बुडवलेला स्वॅब नळीच्या कडेला दाबून पिळायचा, मग प्लेट दर वेळी ६० अंश वळवत तीनदा पूर्ण घासायची. पृष्ठभाग नीट वाळू द्या. ओल्या अगारवर पट्टी ठेवली तर कड अस्पष्ट येते. पट्टीचं पाकीट फ्रीझरमधून काढून किमान अर्धा तास न फोडता बाहेर ठेवा. थंड पट्टीवर दव धरलं की इमिपेनेम आणि क्लॅव्ह्युलॅनिक ॲसिड सगळ्यांत आधी मरतात. पट्टी एकदा टेकली की हलवू नका, औषध त्याच क्षणी अगारमध्ये उतरायला लागतं. प्लॅस्टिकची पट्टी उलटी पडली तर वर्तुळच येत नाही. खाली हवेचे बुडबुडे राहिले तर चिमट्याने हलकं दाबा. मग प्लेट इन्क्युबेटरमध्ये ३५ अंशाला १६ ते १८ तास ठेवा, व्हॅन्कोमायसिनला पूर्ण २४.

वाचताना प्लेट जवळ धरून तिरक्या प्रकाशात बघा. जंतू मारणाऱ्या औषधात पूर्ण स्वच्छ जागा जिथे सुरू होते तोच आकडा. वर्तुळातल्या बारीक वसाहती आणि पुसट धुकंसुद्धा मोजायचं. लिनेझोलिड, टेट्रासायक्लिन यांत मात्र ८० टक्के वाढ थांबली तिथे वाचायचं. दोन बाजूंना वेगळा आकडा दिसला तर वरचा घ्या. १.५ सारखा मधला आकडा आला तर रिपोर्टवर पुढची पायरी, म्हणजे २.

आता जपण्यासारखी गोष्ट. पट्टीचा आकडा एक पायरी इकडेतिकडे होणं मान्यच आहे, आणि व्हॅन्कोमायसिनमध्ये तो ब्रॉथ मायक्रोडायल्यूशनपेक्षा (द्रव माध्यमात औषध पातळ करत एमआयसी काढायची पद्धत) बहुधा वर येतो. २०२० च्या अमेरिकी मार्गदर्शनात व्हॅन्कोमायसिनसाठी एयूसी (दिवसभरात रक्तात राहिलेलं एकूण औषध) आणि एमआयसीचं गुणोत्तर ४०० ते ६०० ठेवायला सांगितलंय, ते ब्रॉथची एमआयसी १ धरून. पट्टीवरचे २ घालून तेच गणित केलं तर डोस दुप्पट होतो आणि त्याची किंमत रुग्णाचं मूत्रपिंड मोजतं. म्हणून रिपोर्टवर पद्धत लिहाच.

कोलिस्टिन या औषधाची पट्टी विकत घेऊ नका, फुकट मिळाली तरी वापरू नका. हा रेणू अगारमध्ये नीट सरकतच नाही आणि रेझिस्टंट जंतू निसटतात. तिथे ब्रॉथ मायक्रोडायल्यूशन करावं.

नवा लॉट आला की आधी कंट्रोल लावा, म्हणजे ज्यांची एमआयसी आधीच माहीत आहे असे एटीसीसी (अमेरिकी जंतुसंग्रह) क्रमांकाचे जंतू तपासा: एटीसीसी २५९२२ ई. कोलायला जेंटामायसिन ०.२५ ते १, एटीसीसी २९२१३ स्टॅफला व्हॅन्कोमायसिन ०.५ ते २. एटीसीसी २७८५३ स्युडोमोनासला जेंटामायसिन ०.५ ते २ मध्ये हवं. ई. कोलाय जागेवर आणि स्युडोमोनास मात्र खाली गेला, तर पट्टी परत पाठवण्याआधी अगारचा डबा बदलून बघा. त्यात कॅल्शियम-मॅग्नेशियम कमी असण्याची शक्यता जास्त.