मोगादिशूतलं मोबाईल मनी : आठ महिने वापरून लिहितोय

हॉस्पिटलची मशिनं बसवायच्या कामासाठी आठ महिने सोमालियाच्या राजधानीत, मोगादिशूत होतो आणि त्या आठ महिन्यांत पाकीट असं खिशात ठेवलंच नाही. सगळा व्यवहार फोनवर. कंपनीचं नाव लिहीत नाही, कारण पुढे एक तक्रार येणारे आणि त्यात फक्त कंपनीलाच दोष द्यायचा नाहीये.

आधी चांगलं सांगतो, कारण ते खरंच खूप चांगलं आहे. साधा बटणवाला फोन चालतो, इंटरनेट लागत नाही, कोड डायल करायचा, पिन टाकायचा, दोन सेकंदांत समोरच्याला मेसेज. एकाकडून दुसऱ्याला पाठवायला चार्ज नाही. रस्त्यावर चहा विकणाऱ्या बायकांच्या टपरीवर नंबर रंगवलेला असतो, एका डॉलरच्या आतली रक्कमसुद्धा जाते. हो, सगळं डॉलरमध्ये. कारण सोमाली शिलिंग कोण घेणार? जानेवारी १९९१ मध्ये हुकूमशहा सियाद बर्रे पळाला, सेंट्रल बँक लुटली गेली, त्यानंतर नोटा छापल्या त्या वेगवेगळ्या गटांनी आणि व्यापाऱ्यांनी, आणि आयएमएफनेच मागे सांगितलं होतं की चलनातल्या ९८ टक्के नोटा खोट्या आहेत. वर्ल्ड बँकेच्या २०१८ च्या आकड्यांप्रमाणे १६ वर्षांवरचे जवळपास तीन चतुर्थांश लोक मोबाईल मनी वापरतात. सेंट्रल बँकेने याचं पहिलं लायसन्स दिलं ते २०२१ ला, तोवर लोक कित्येक वर्षं आपले पैसे बिनधास्त यात ठेवत होते. सरकारचा कागद नसताना एवढा विश्वास आला कुठून, हा प्रश्न मला पहिल्या दिवसापासून पडलेला.

उत्तर मिळालं ते माझ्या चुकीतून. एकदा घाईत एक आकडा चुकला आणि ४० डॉलर भलत्याच माणसाला गेले. कस्टमर केअरला तीनदा फोन केला, तीनदा तेच, समोरचा परत देत असेल तर देईल, आम्ही काढून घेऊ शकत नाही. माझ्याबरोबर काम करणारा टेक्निशियन म्हणाला, थांब वालाल (भावा म्हणतात तसं), मेसेजमध्ये नाव आलंय ना? सोमाली नाव म्हणजे स्वतःचं, बापाचं, आजोबाचं, त्यामुळे तीन पिढ्या हातात असतात, आणि पोरांना लहानपणापासून वीस वीस पूर्वजांची नावं पाठ करून घेतलेली असतात. त्याने तीन फोन केले. तो माणूस कुठल्या भावकीतला ते कळलं, त्यांच्यातल्या एका म्हाताऱ्याला निरोप गेला आणि संध्याकाळी ४० डॉलर परत. मी चाट पडलो. इथे खून झाला तरी भरपाईचे उंट भावकी मिळून भरते, त्याला 'मग' म्हणतात, मग ४० डॉलर काय चीज आहे. हवालाचं पण तेच, एजंटला भावकीतली माणसं ओळखून असतात, पैसे खाल्ले तर तोंड दाखवायला जागा राहत नाही.

आता तक्रार. त्याच महिन्यात आमच्या वॉर्डात झाडलोट करणाऱ्या माणसाचे १५ डॉलर असेच चुकून गेले. तो सोमाली बांटू, म्हणजे मोठ्या कुळांबाहेरचा अल्पसंख्याक, शबेले नदीकाठच्या शेतकऱ्यांतला. मी टेक्निशियनला म्हटलं, कर की फोन. तो गप्प बसला, मग म्हणाला त्याच्यासाठी कोण ऐकणार. वाईट माणूस नाहीये तो, त्याने खरं तेच सांगितलं. १५ डॉलर गेले ते गेलेच.

तेव्हा मला ४.५ चा फॉर्म्युला नीट कळला. २००० साली जिबूतीत आर्ताला शांतता परिषद झाली, तेव्हापासून संसदेतल्या जागा याच हिशोबाने वाटत आलेत, दारोद, हाविये, दिर आणि राहानवेन या चार मोठ्या कुळांना एकेक सारखा वाटा आणि बाकी सगळ्या अल्पसंख्याकांना मिळून अर्धा. आमचा झाडूवाला त्या अर्ध्यातला. १९६९ नंतर देशपातळीवर 'एक माणूस एक मत' अशी निवडणूक झालेली नाही. २०१६-१७ ला एकेका खासदारासाठी ५१ जणांनी मतं टाकली आणि ते ५१ जण निवडण्यात भावकीतले वडीलधारेच पुढे. बर्रेने सत्तरच्या दशकात कुळांचे पुतळे करून पुरले होते, तरी सत्ता चालवली ती जवळच्या तीन कुळांच्याच भरवशावर.

आणि बाहेरचे देश? त्यांचं मी जास्त बोलत नाही, बोललो की डोकं फिरतं. ओगादेन या इथिओपियातल्या भागासाठी झालेल्या युद्धात १९७७ ला रशियाने सोमालियाला सोडून इथिओपियाचा हात धरला, मग बर्रेला अमेरिकेने धरलं. २००६ ला इस्लामिक कोर्टांनी (शरियाने न्याय देणाऱ्या गटांची आघाडी) मोगादिशूत जरा शांतता आणली होती, डिसेंबरमध्ये अमेरिकेच्या पाठिंब्याने इथिओपियाचं सैन्य आत आलं, कोर्टं मोडली आणि त्यातला सगळ्यात कडवा तुकडा, अल-शबाब ही सशस्त्र संघटना, मोठा झाला. आज तुर्कस्तानचा लष्करी तळ मोगादिशूत, अमिरातीचा पैसा सोमालीलँडच्या (१९९१ ला स्वतःला वेगळा देश जाहीर केलेला उत्तरेचा भाग) बर्बेरा बंदरात आणि पुंतलँड या ईशान्येकडच्या स्वायत्त राज्याच्या फौजेत, इथिओपियाने १ जानेवारी २०२४ ला समुद्रासाठी थेट सोमालीलँडशी सामंजस्य करार केला. प्रत्येकजण आपल्या सोयीचा गट पकडतो, आणि ज्याला पकडलं त्याला शेजाऱ्याशी जुळवून घ्यायची गरज उरत नाही. सोमालीलँडने १९९३ ला बोरामा गावात महिनोन् महिने बसून बहुतांशी स्वतःच्या खर्चाने तडजोड केली, म्हणून तिथलं सरकार टिकलं असं मला वाटतं. पण तिथेही २०२३ ला लास आनोद शहर हातचं गेलंच, तिथल्या धुलबाहांते लोकांना त्या सरकारात आपलं काही दिसत नव्हतं.

सरकार टॅक्स मागतं, शबाब पण मागते, पावती देते आणि ती पावती तिच्या पुढच्या नाक्यावर चालते. व्यापारी दोघांना भरतात. एवढं भरून झाडूवाल्याला दाद मागायला एक टेबल नाही, हे मला सगळ्यात जास्त लागलं.

तर पाचपैकी चार स्टार. स्पीड, नेटवर्क, वापरायला सोपं, याला तोड नाही. एक स्टार कापला तो चुकून गेलेल्या पैशाला दाद नाही म्हणून. जाणारे असाल तर नंबर दोनदा बघून मगच पिन टाका. शेवटच्या महिन्यात तो झाडूवाला घरी पैसे पाठवायच्या आधी फोन घेऊन माझ्याकडे यायचा, एकेक आकडा मोठ्याने वाचायचा, मी कागदावर लिहून जुळवायचो, मगच तो पिन टाकायचा. मी निघालो तेव्हा तो कागद त्याने मागून घेतला.